वर्गात धडाधड बोलणारी बाई कॅमेऱ्यापुढे का अडखळते?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एक निवृत्त विज्ञान-शिक्षिका आहेत. आयुष्य हिंदी माध्यमाच्या शाळेत गेलं, वर्गात कधी हातात कागद धरला नाही. नाशिकजवळच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या भाच्याने गळ घातली, की मावशी, आठवीच्या मुलांसाठी छोट्या प्रयोगांचे व्हिडिओ करून दे. फोन स्टँडवर लावला की त्यांच्या तोंडाला कोरड पडते, वाक्य अर्ध्यात तुटतं, आणि नंतर बघायला घेतलं की स्वतःचा आवाजच नकोसा होतो. या वयात आत्मविश्वास आणायचा कुठून, असं त्या विचारतात. शिवाय आपली इंदुरी मराठी तिकडच्या मुलांना चालेल का, ही धास्ती वेगळीच.

ताई, आत्मविश्वास तुमच्याकडे भरपूर आहे. शेवटच्या बाकावरच्या टोळीला गप्प बसवून गुरुत्वाकर्षण गळी उतरवणाऱ्या बाईला तो मी काय देणार? तुमचं अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. मी आधी इथल्या एका केबल वाहिनीवर बातम्यांचं एडिटिंग करायचो, पुढे लोकांना कॅमेऱ्यासमोर बोलायला शिकवू लागलो. डॉक्टर आले, वकील आले, कोचिंगचे मास्तर आले, घरून पापड-मसाले विकणाऱ्या काकू आल्या. यात सगळ्यात जास्त कोण गडबडतं, तर ज्यांना समोरासमोर बोलायची दांडगी सवय आहे ते. लाजाळू माणूस उलट लवकर रुळतो, कारण त्याची जुनी सवय मोडावी लागत नाही.

वर्गात तुम्ही एकट्या बोलतच नसता. तुम्ही 'घर्षण' म्हणता, तिसऱ्या बाकावरची पोरगी कपाळाला आठी घालते, आणि तुम्ही काही न ठरवता तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत सांगता. कुणी मान डोलावतं, तुम्ही पुढे सरकता. कुणी खिडकीबाहेर बघतं, तुमचा आवाज आपसूक चढतो. तास पुढे नेतात ती पोरं. भिंगाला ना आठी पडते, ना मान हलते. तुम्ही बोलता आणि समोर ढिम्म शांतता. मग मन स्वतःलाच प्रेक्षक करून बसवतं: आत्ता बोलले ते बरोबर होतं का, पदर नीट आहे ना, आवाज चिरकतोय का. पेपर लिहिता लिहिताच लाल पेन घेऊन तोच पेपर तपासत बसावं, तसं हे होतं. अशाने हुशार मूलसुद्धा तीन तासांत पान पुरं करणार नाही. बोलणं आणि तपासणं यांची वेळ वेगळी करा, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीचं सगळं ते कसं जमवायचं याबद्दल.

सुरुवातीला कॅमेऱ्यामागे खरंखुरं माणूस बसवा. शेजारचा सातवी-आठवीतला मुलगा सगळ्यात उत्तम. फोन डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्याचं डोकं फोनच्या बरोबर मागे, भिंगाच्या वर दिसेल असं. त्याला सांगायचं, बोलायचं नाही, पण समजलं तर मान हलव, नाही समजलं तर तोंड वाकडं कर. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही त्याच्याकडेच बघाल आणि नजर भिंगाच्या थोडी वर जाईल. जाऊ द्या. तोंडातून तुमचा वर्गातला आवाज बाहेर पडणं आत्ता जास्त महत्त्वाचं. आठवडाभराने त्याला उठवलंत तरी त्याची आठी तुम्हाला दिसत राहील.

घरातलं माणूस मात्र इथे शक्यतो नको. नवरे मंडळी फोन हातात आली की दिग्दर्शक होतात. 'जरा हसून बोल ना', 'मघाशी छान बोललीस, आता काय झालं' असं ऐकून कुणाचा चेहरा सैल झालेला मी आजवर पाहिलेला नाही. मुलगी-सूनही नको. त्या आपल्यावर माया करतात म्हणून त्यांच्यासमोर चुकायला जास्त संकोच वाटतो.

माणूस उठून गेल्यावर त्याच्याशीच बोलत राहण्याची एक साधी युक्ती मराठीत आयती आहे. 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो' असं सुरू केलंत, की तुमच्यासमोर मैदानात रांगेत उभी असलेली अख्खी शाळा येते आणि आवाज प्रार्थनेनंतरच्या सूचनांचा होतो. त्याऐवजी 'तू' म्हणा. 'तू कधी गरम चहाच्या कपावर बशी झाकून ठेवली आहेस का?' आठवीतल्या पोराला मराठीत 'तू'च म्हणतात, त्यात काही वावगं नाही. मोठ्यांसाठी बोलायचं असेल तर 'तुम्ही', पण तेही एकालाच उद्देशून, जसं दारात आलेल्या शेजाऱ्याशी बोलतो तसं. व्हिडिओ शंभर जण बघत असले तरी प्रत्येक जण एकटाच बघत असतो, बहुतेक वेळा अंथरुणात लोळून.

आता फोनकडे येऊ, कारण निम्मी भीती फोन उलटा धरल्याने येते. तुम्ही सेल्फीच्या कॅमेऱ्याने रेकॉर्ड करत असणार, म्हणजे बोलताना स्वतःचा चेहरा समोर दिसतोय. हाच तो लाल पेन. आरशात बघत कुणी वर्ग घेऊ शकेल का? मागचा कॅमेरा वापरा, पडदा भिंतीकडे. चित्रही बहुतेक फोनांत मागच्या कॅमेऱ्याचंच सरस येतं. चौकट बरोबर आहे का ते आधी त्या शेजारच्या पोराला तुमच्या जागी बसवून बघून घ्यायचं. कुठल्याशा मीटिंगच्या ॲपवर बोलायचं असेल आणि पुढचाच कॅमेरा लागत असेल, तर स्वतःची चौकट लपवायची सोय बहुतेक ॲपांत असते. नसेल तर त्या कोपऱ्यावर चिकट कागद लावा. शंभर रुपयांच्या माइकपेक्षा हा चिकट कागद जास्त काम करतो.

रेकॉर्ड केलेला आपला चेहरा आपल्यालाच विचित्र का दिसतो, याला कारण आहे. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात बघतो, म्हणजे डावं-उजवं उलटं. कॅमेरा दाखवतो तो चेहरा जगाने पाहिलेला असतो, आपण नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत यावर गंमतशीर प्रयोग झाला होता. विद्यार्थिनींना त्यांचाच एक फोटो सरळ आणि एकदा आरशासारखा उलटा छापून दाखवला. त्यांना स्वतःला उलटा आवडला, आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. जो चेहरा ज्याच्या सवयीचा, तो त्याला बरा वाटतो. तुम्हाला तिरका वाटणारा भांग नाशिकच्या मुलांना तिरका वाटणार नाही, कारण त्यांनी तुमचा आरसा पाहिलेलाच नाही.

आणि फोन लांब ठेवा. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक फुगलेलं दिसतं, तो तुमच्या नाकाचा दोष नव्हे. २०१८ मध्ये चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी हे गणिताने मांडून दाखवलं: पाच फुटांवरून घेतलेल्या चित्राच्या तुलनेत बारा इंचांवरून घेतलेल्या चित्रात नाक सुमारे ३० टक्के रुंद भासतं. लोक सेल्फी दाखवून नाक बारीक करायला येऊ लागले म्हणून बिचाऱ्यांना हे करावं लागलं. तुम्ही पाच फुटांवर बसा. मग टेबल चौकटीत येईल आणि प्रयोगाला जागाही मिळेल.

आवाजाचंही तेच. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून कानात आणि कवटीच्या हाडांतून थेट आतल्या कानात. हाडांतून येणारा भाग खर्जाला भर देतो, म्हणून आपल्याला आपला आवाज भारदस्त वाटत असतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट बंद होते आणि उरतो तो पातळ आवाज. तुमच्या विद्यार्थ्यांनी इतकी वर्षं हाच पातळ आवाज ऐकला आणि तरी ते पास झाले. हे तुम्ही विज्ञानाच्या बाई म्हणून माझ्यापेक्षा नीट समजावाल, पण स्वतःवर वेळ आली की विज्ञान आठवत नाही, हे मी डॉक्टरांच्या बाबतीतही पाहिलं आहे. यावर उपाय फक्त सवय. रोज थोडं ऐकत गेलं की काही दिवसांत तो आवाज ओळखीचा होतो.

तोंडाला कोरड आणि छातीत धडधड, हे शरीराचं तयारीला लागणं आहे. कसोटीची वेळ आली असं वाटलं की लाळ आटते, श्वास वरच्या वर घेतला जातो. यातली लाळ दोन घोट कोमट पाण्याने निभावते. श्वासाचं प्रकरण मात्र मराठी बोलणाऱ्याला जास्त महागात पडतं, आणि एडिटिंगच्या टेबलावर बसून मी ते इतकं ऐकलं आहे की इथे जरा थांबतो.

आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नकार तर अगदी टोकाला. घाबरलेला माणूस अर्ध्या श्वासावर वाक्य सुरू करतो. नाम, विशेषण, विभक्ती सगळं ठणठणीत येतं आणि शेवटाला दम संपतो. 'आहे' अर्धवट, 'होतं' ओठांतच, 'नाही' गायब. तुमच्याच विषयातलं वाक्य घ्या: 'उकळायला लागल्यावर पाण्याचं तापमान वाढत नाही.' शेवटचा शब्द गिळला गेला तर मुलांनी नेमकं उलटं शिकलं. फोनचा स्पीकर आधीच किरटा, वर पंख्याची घरघर. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी शेवटचा शब्द उभा करायला लावतो. पुस्तकातला एक परिच्छेद घ्या आणि प्रत्येक वाक्याचं क्रियापद वाक्यातल्या पहिल्या शब्दाइतक्याच जोराने म्हणा. सुरुवातीला बातम्या दिल्यासारखं कृत्रिम वाटेल. रेकॉर्डिंगमध्ये ते अगदी सरळ ऐकू येतं. वाक्यं छोटी करा, 'ज्यामुळे', 'ज्याच्यामुळे', 'की जे' अशी डबे जोडत जाणारी नकोत. वाक्य संपलं की ओठ मिटा, नाकाने श्वास घ्या, मग पुढचं. ही मधली शांतता तुम्हाला युगासारखी वाटेल. बघणाऱ्याला ती कळणारही नाही.

धडधड थांबवायचा प्रयत्न करू नका. 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावणं कामाचं नसतं, धावत्या घोड्याला बस म्हणण्यातला प्रकार. २०१४ मध्ये हार्वर्डच्या एका अभ्यासात लोकांना भाषणाआधी 'मी शांत आहे' किंवा 'मला उत्साह वाटतोय' असं मोठ्याने म्हणायला लावलं होतं. उत्साह म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त प्रभावी वाटली. धडधड दोन्हीकडे तीच, तिला नाव काय देता एवढाच फरक. मोठ्याने म्हणायला लाज वाटत असेल तर स्वयंपाकघरात जाऊन म्हणा.

शिवाय ही धडधड बाहेर दिसत नाही. आपल्याला वाटतं, सगळ्यांना कळतंय की आपण थरथरतोय. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही जणांना भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलं, की घाबरलेपण जेवढं आत वाटतं तेवढं बाहेर दिसत नाही. नुसत्या या माहितीने त्यांची भाषणं सुधारली. मी लोकांना त्यांचंच रेकॉर्डिंग दाखवून विचारतो, 'कुठे घाबरला होतात ते दाखवा.' स्वतःलाच जागा सापडत नाही.

हात कुठे ठेवायचे हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार. तुमच्याबाबतीत उत्तर सोपं आहे: हातात वस्तू. आपल्या इंदूरचे सुशील दोशी आठवा, हिंदी क्रिकेट समालोचनातलं मोठं नाव, २०१६ मध्ये पद्मश्री मिळालेले. रेडिओवर समालोचन करणाऱ्याला एकही श्रोता दिसत नाही, त्याच्यापुढेही शांतताच. पण त्याच्या डोळ्यांपुढे सामना चालू असतो. तो स्वतःकडे बघत नाही, चेंडूकडे बघतो, आणि बोलणं त्याच्यामागे येतं. तुमच्याकडे तर चेंडूंचा खजिना आहे: चुंबक, मेणबत्ती, लिंबू, स्प्रिंग, हळदीचं पाणी. सुरुवातीचे सगळे व्हिडिओ असे करा की हातात काहीतरी घडतंय आणि तुम्ही ते सांगताय. साबण लागून हळद लाल झाली की तुम्हाला भिंग आठवणारही नाही. नुसतं तोंडाने 'विज्ञानाचं महत्त्व' सांगणारा व्हिडिओ हा सगळ्यात अवघड, आणि खरं सांगायचं तर कुणी बघतही नाही.

आता कागद. पूर्ण भाषण लिहून पाठ करू नका. पाठ केलेल्याचा एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ ओघळते. वाचूनही नको, डोळे ओळींवर डावीकडून उजवीकडे धावताना स्पष्ट दिसतात. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं करा. मधल्या भागासाठी चार-पाच शब्द ठळक अक्षरांत लिहून फोनच्या स्टँडवर, भिंगाच्या लगेच खाली लटकवा. पहिलं वाक्य पक्कं असणं फार गरजेचं, कारण गाडी उभ्यावरून सुटायला जो जोर लागतो तो तिथेच, पुढे ती आपली आपण चालते.

लिहायचंच झालं तर बोलल्यासारखं लिहा. आपण हातात पेन घेतलं की 'करण्यात आले आहे', 'दिसून येते' असं सरकारी पत्रकासारखं उमटायला लागतं. 'केलंय', 'झालं', 'दिसतं' असं अनुस्वारासकट लिहा. कागदावर 'झाले' असेल तर तोंड 'झाले' म्हणतं आणि लगेच वाचून दाखवल्याचा वास येतो.

चुकलं तर रेकॉर्डिंग बंद करायचं नाही. हा एक नियम पाळलात तरी निम्मं काम झालं. दर चुकीला बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा माणूस दहाव्या वेळी दमलेला असतो आणि त्याचं पहिलं वाक्य उत्तम, बाकीचं सगळं कच्चं राहतं, कारण सराव फक्त पहिल्याचाच झालेला असतो. अडखळलात की थांबा, एक टाळी वाजवा, श्वास घ्या, आणि तेच वाक्य सुरुवातीपासून म्हणा. एडिटिंगच्या ॲपमध्ये आवाजाच्या रेषेवर टाळीचा उंच काटा उठून दिसतो, कापायची जागा शोधावी लागत नाही. कापाकापी भाच्याकडे सोपवा, त्याने गळ घातली आहे तर तेवढं करू दे.

एडिटरच्या खुर्चीतलं एक गुपित सांगतो. बातमीदाराने कुणाची मुलाखत घेतली की आम्हाला हमखास वापरावासा वाटायचा तो तुकडा मुलाखत संपल्यावरचा असायचा. 'झालं? बरं बोललो का मी?' असं म्हणताना माणसाचे खांदे उतरतात, चेहरा मोकळा होतो, आणि मग तो सहज जे एक वाक्य टाकतो ते आधीच्या दहा मिनिटांपेक्षा जिवंत असतं. तेव्हा तुम्हीही शेवट झाल्यावर फोन बंद करू नका. 'झालं' म्हणा, पाणी प्या, आणि समोरच्या पोराला विचारा, 'काय कळलं रे तुला?' तो काहीतरी चुकीचं सांगेल, तुम्ही त्याला समजावायला जाल. तेच समजावणं उचला. कित्येकदा मी लोकांचं मुख्य रेकॉर्डिंग टाकून देऊन हेच ठेवलं आहे.

खोली, उजेड, आवाज यावर लोक फार वेळ घालवतात. मी थोडक्यात उरकतो. खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. पंखा बंद. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गाद्या-पडदे असलेली खोली निवडा. कॉलरला लावायचा साधा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर असला की पुरे, साडीला तो पदराच्या काठाशी घट्ट बसतो, फक्त मंगळसूत्र त्याच्यावर घासू देऊ नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्या तालावर स्वस्त एलईडी लुकलुकतात आणि चित्रात पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) निवडता आल्या तर बहुधा ते जातात, नाहीतर दिवा बंद करून खिडकीवर भिस्त ठेवा. वेळ दुपारी तीन-चारची. सकाळी रेकॉर्ड करायला बसलात तर ऐन रंगात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरणार. २०१७ पासून वर्षानुवर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलेल्या शहरात राहायचं म्हणजे एवढं सोसावंच लागतं.

आता तपासणं. रेकॉर्डिंग झालं त्याच दिवशी बघायचं नाही. त्या दिवशी बोलणारी ताजी असते आणि तपासणारी चिडलेली. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसा आणि आधी आवाज बंद करून बघा. नजर कुठे जाते, चेहरा कधी सैल होतो, हात काय करतात, तेवढंच. मग फोन पालथा ठेवून नुसतं ऐका आणि क्रियापदं मोजा, किती ऐकू आली, किती गिळली. एका वेळी एकच दोष धरायचा. आज क्रियापदं, तर उद्याही क्रियापदंच, ती सुधारेपर्यंत नजरेकडे बघायचं नाही. वही तपासताना शुद्धलेखन, अक्षर, समास सगळ्यावर एकदम लाल रेघा ओढल्या की पोराचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

रोज एक मिनिट पुरे. रविवारी एकदम तासभर बसण्याने फारसं साधत नाही, त्याने फक्त रविवारची धास्ती बसते. जुनी रेकॉर्डिंग पुसू नका, महिन्याभराने पहिलं लावून बघायला उपयोगी पडतात.

व्हिडिओ कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे अंगठे आणि फुलं येतील, फार तर 'मावशी रॉक्स', आणि एखादे काका 'साडीचा रंग बदल' म्हणतील. दोन्हींतून शिकण्यासारखं काही नाही. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' असा पर्याय असतो, दुवा ज्याच्याकडे त्यालाच व्हिडिओ उघडता येतो. तसा चढवून दुवा फक्त भाच्याला द्या. प्रतिक्रियाही बंद ठेवता येतात. भाच्याला सांगा, मुलांना 'आवडला का' असं विचारू नकोस. व्हिडिओ दाखवून झाल्यावर एकाला उभं करून प्रयोग सांगायला लाव, आणि तो कुठे अडला ते मला कळव. म्हणजे वर्गातली ती आठी नाशिकहून तुमच्यापर्यंत पोचेल, जरा उशिरा का होईना.

चार लोक काय म्हणतील, हे तुमच्या प्रश्नात शब्दांत नव्हतं, पण ओळींमधून दिसत होतं. एकदा संध्याकाळी छप्पन दुकानवर किंवा रात्री सराफ्यात, आपल्या या खाऊच्या बाजारांत, चक्कर मारून या. दर दहा पावलांवर कुणीतरी फोनपुढे कचोरी धरून बोलत असतं आणि बाजूने जाणारा माणूस मानही वळवत नाही, त्याला आपल्या भुट्ट्याच्या किसाची पडलेली असते. आपल्याकडे जग जेवढं बघतंय असं आपल्याला वाटतं, त्याच्या निम्म्यानेही ते बघत नसतं.

राहिली मराठी. आपल्या बोलण्यात हिंदी मुरलेली आहे, 'येऊन राहिले', 'करून राहिले' होणारच. ते दाबून पुणेरी बोलायला जाऊ नका, कारण मग प्रत्येक वाक्याला तो लाल पेन पुन्हा हातात येतो. नाशिकच्या मुलांच्या घरीही काही कुणी पुस्तकातली मराठी बोलत नाही. त्यांना तुमची लकब दोन मिनिटं वेगळी वाटेल, मग तीच आवडायला लागेल. पण पारिभाषिक शब्दांत मात्र सूट नाही. तिथे मुलांची परीक्षा आहे. तुमच्या तोंडात वाष्पीकरण, क्वथनांक, ऊष्मा बसलेले. त्यांच्या पुस्तकात बाष्पीभवन, उत्कलनांक, उष्णता. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आठवीचं विज्ञान उतरवून घ्या, प्रत्येक प्रयोगाआधी त्यातले शब्द लटकवलेल्या कागदावर लिहा. बोलताना हिंदी शब्द निसटला तर मराठी शब्द लगेच जोडून पुढे चला, माफी मागत बसू नका.

एक गोष्ट वेगळी काढतो. ही घालमेल फक्त कॅमेऱ्यापुरती असेल तर वर सांगितलेलं पुरेसं आहे. पण फोनवर साधं बोलताना, दुकानात, चार नातेवाइकांतही घाम फुटून पळून जावंसं वाटत असेल, तर तो सरावाचा विषय नाही. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा, त्यावर चांगले उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही.

पहिला व्हिडिओ कशावर करू, असंही तुम्ही विचारलंय. पाणी उकळा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला उत्कलनांक जवळपास एक अंशाने उतरतो, म्हणजे तुमच्या गॅसवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळणार. नाशिकही उंचीला आपल्यासारखंच, तेव्हा मुलांना तिथे ताडून बघता येईल. पहिलं वाक्य मी देतो, आवडलं तर ठेवा: 'तुझ्या पुस्तकात पाणी १०० अंशांना उकळतं. माझ्या स्वयंपाकघरात उकळत नाही.' दोन्ही क्रियापदं ठणठणीत, आणि तो 'नाही' तर खास. मग गॅस पेटवायचा आणि थर्मामीटरकडे बघत बोलायचं, कॅमेऱ्याकडे नाही बघितलं तरी चालेल. थर्मामीटर प्रयोगशाळेतला घ्या, तापाचा नको. आणि त्याचा फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, नाहीतर भाच्याची पोरं सगळ्यात आधी तेच पकडतील.